दुपारचा वाचन-लेखन वर्ग

१४ जुलै
प्राचार्यांनी बोलावलं. वाटलं, विभागप्रमुख करतायत. निघालं भलतंच. बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या पोरांना धड वाचता येत नाही, साधा अर्ज लिहिता येत नाही. म्हणून रोज दुपारी तीन ते साडेचार वाचन-लेखन वर्ग. शिकवणार मी. पोरांना अर्ज लिहिता आला की वर्ग बंद. म्हणजे आठवड्याचं काम. मग पीएच.डी.ला हात घालायचा.

१५ जुलै
'वाचनाचं महत्त्व' यावर बोललो. दीड तास कुठं गेला कळलंच नाही. शेवटी टाळ्या. (घंटा झाल्यावर.)

१९ जुलै
अजून महत्त्वच चालू आहे. पाया पक्का हवा. तेर गावाहून येणारी भुवनेश्वरी म्हणाली, "सर, आमी कधी वाचायचं?" उतावळी पिढी! तिला समजावण्यात आजचा तास गेला.

२८ जुलै
'माझं गाव' यावर एक पान आणायला सांगितलं. सगळ्यांनी आणलं! प्रत्येक गावाला खळखळती नदी, हिरवे डोंगर, दाट धुकं. वाक्यंसुद्धा सारखी. माझी शैली वर्गभर मुरली म्हणायची. फक्त भुवनेश्वरीच्या दोन ओळी: "आमच्या गावात बस कवा येईल सांगता येत न्हाय. म्हणून आमी लवकर उठतो." 'कवा'भोवती लाल गोल केला.

१ ऑगस्ट
पानं अभिमानानं प्राचार्यांना दिली. ते वर्गावरच आले. माकणीच्या कृष्णराजला विचारलं, "तुमच्याकडं एवढं धुकं कधीपासून पडतंय?" तो म्हणाला, "मोबाइलला विचारा सर, त्यानंच लिवलंय." वर्ग बेमुदत वाढला. गुन्हा मोबाइलचा, शिक्षा मला.

६ ऑगस्ट
सकाळी ताप आला असं ठरवलं. फोन केला. प्राचार्य म्हणाले, "रजेचा अर्ज लिहून पाठवा, पोरांना नमुना होईल." बसलो लिहायला. प्रस्तावनाच दोन पानं झाली. ताप उतरला.

१२ ऑगस्ट
संकल्प: उद्यापासून वर्गात कमी बोलायचं.

१३ ऑगस्ट
'कमी बोलण्याचे फायदे' यावर बोललो. विषय उद्या पूर्ण होईल.

१९ ऑगस्ट
यश! पोरांनी अर्ज लिहिला. मोबाइल न वापरता, आपल्या हातानं. भुवनेश्वरीनं लिहिला, बाकीच्यांनी चुका काढल्या, सगळ्यांनी सह्या केल्या. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये वाचून दाखवला: "महोदय, सर मनानं चांगले आहेत. परंतु ते थांबत नाहीत. कृपया आम्हाला वाचू द्यावे, ही विनंती." शुद्धलेखन चोख. मी म्हणालो, ठरल्याप्रमाणे वर्ग बंद करा. ते म्हणाले, "वर्ग तर आता सुरू होतोय. तुम्ही मागं बसायचं. फक्त ऐकायचं."

२० ऑगस्ट
शेवटच्या बाकावर बसलो. कृष्णराज उभा राहून वाचत होता, ओळीवर बोट ठेवून. एका शब्दाला अडला. सगळे थांबले. मला शब्द येत होता. तोंड उघडलं. भुवनेश्वरी मागं वळून हळूच म्हणाली, "थांबा सर. येतंय त्याला."
आलं.
त्यानंतर साडेचारपर्यंत मला काही काम नव्हतं.