सात नंबरची गादी

४ फेब्रुवारी, मंगळवार

झोप : नाही.

गोळी मागायला गेलो होतो, वही घेऊन आलो! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज लिहा. किती वाजता पडलात, कधी डोळा लागला, कधी उठलात, मनात काय चाललं होतं. वयाने माझ्या निम्म्या, पण बोलणं थेट हेडमास्तरांचं.

"काम काय करता?"

"गाद्या विकतो."

"म्हणजे नक्की काय करता?"

पडून दाखवतो, म्हणालो. आमच्या दुकानाची पद्धतच आहे ती. गिऱ्हाईक आलं की आधी विकणाऱ्याने गादीवर पडायचं. बूट कडेच्या प्लास्टिकवर. उताणं, मग डाव्या कुशीवर, मग उजव्या. डोळे उघडे, चेहरा सुखी. आणि पडल्या पडल्या बोलत राहायचं – पाठीला आधार, कमरेला आराम, दहा वर्षांची गॅरंटी. दिवसातून तीस-चाळीस वेळा. एकोणीस वर्षं झाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे एकोणीस वर्षं तुम्ही तुमच्या मेंदूला शिकवताय, की गादी ही जागं राहायची जागा आहे!"

हे मला आधी कुणी का सांगितलं नाही?

पण इतकी वर्षं झोपत होतोच की. आठ महिन्यांपासूनच बिघडलंय. "आठ महिन्यांपूर्वी काय झालं?" असं त्यांनी विचारलं. काही नाही, म्हणालो. बायकोला रात्रपाळी लागली, तेवढंच. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. काय ते दाखवलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

झोप : पावणेदोन तास. बाकीचा वेळ छताला गादीची माहिती दिली. छताने घेतली नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

झोप : दोन तास, तुकड्यांत.

बाईंचे नियम इथे उतरवून ठेवतो. दुपारी तीननंतर चहा नाही. घड्याळाकडे बघायचं नाही. झोप आली तरच अंथरुणावर जायचं. वीस मिनिटांत नाही लागली तर उठायचं, दुसऱ्या खोलीत जाऊन कंटाळवाणं काहीतरी करायचं. सकाळी ठरल्या वेळी उठायचं, रात्र कशीही गेली तरी. दिवसा झोपायचं नाही. आणि झोपेच्या मागे लागायचं नाही – "तुम्ही मागे लागलात की ती पळते."

घड्याळाकडे बघायचं नाही, तर वीस मिनिटं झाली हे कळायचं कसं? विचारलं. त्या म्हणाल्या, अंदाजाने. मी काल अंदाजाने अकरा वेळा उठलो.

हिला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगायचं कधी? ही हॉस्पिटलात सिस्टर. रात्री दहा ते सकाळी दहा वॉर्डात. मी साडेनऊला घर सोडतो आणि रात्री नऊला परत येतो. म्हणजे आमच्या वाट्याला रोज अर्धा तास, तोही ती वेणी घालत असताना. बाकीचा संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चालतो. 'दूध तापवलंय.' 'गॅसवाला आला नाही.' 'निळी पिशवी मी नेली.' त्या अर्ध्या तासात आपलं रडगाणं कुठे गायचं?

ती मात्र दिवसा झोपते ढाराढूर. मी विचारतो ना – "लागते का गं झोप दिवसा?" "न लागायला काय झालं!" एकच पलंग, एकच गादी, दोन पाळ्या. तिला लागते, मला लागत नाही. म्हणजे दोष गादीचा नाही, माझाच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मेलो!

दुपारी एक नवराबायको आले. सात नंबर दाखवत होतो. उताणा पडलो, डाव्या कुशीवर वळलो, 'कमरेला आराम' म्हणालो – आणि गेलो. सरळ झोपलो! गिऱ्हाईक बिचारे उभे. "हे उठतील कधी?" त्यांनी गल्ल्यावरच्या पोरीला विचारलं. ती म्हणाली, "काकांना उठवू नका, बिल मी करते." सव्वा तासाने जागा झालो तेव्हा अंगावर दुकानाची चादर होती आणि उशाशी मालक उभे होते.

मालक म्हणाले, "गादीच्या दुकानात झोपायचं नाही, हा आमच्या वडिलांपासूनचा नियम आहे." मला वाटलं, हिशोब करून टाकणार. पण मग पोरीने हळूच सांगितलं – त्या दोघांनी एक नाही, दोन गाद्या नेल्या. घासाघीस न करता. तुम्हाला बघत बघत.

मालक बराच वेळ छताकडे बघत राहिले. ती नजर मी ओळखतो. तीन वर्षांपूर्वी अशाच नजरेतून दुकानात कारंजं आलं होतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

झोप : रात्री शून्य. दिवसा – पाच तास!!

मला शोकेसमध्ये ठेवलंय. रस्त्याकडच्या काचेत सात नंबरची गादी, तिच्यावर मी, वर पाटी – 'खरोखर झोपलेला माणूस'. साडेदहा ते चार. नाईटसूट मालकांनी आणला, पट्ट्यापट्ट्यांचा. एकोणीस वर्षं ज्या गोष्टीला बंदी होती तिचीच नेमणूक झाली! पहिल्या दहा मिनिटांत लाजेने मेलो आणि अकराव्या मिनिटाला झोपलो.

बाहेर ही गर्दी! संध्याकाळपर्यंत सात नंबर संपली. गोदामातून आणावी लागली.

मालक म्हणाले, चोवीस तारखेला कंपनीची माणसं येताहेत, नवीन शाखा द्यायची की नाही ते ठरवायला. तोवर असंच झोपलात तर शाखेचे मॅनेजर तुम्ही. नाहीतर... "नाहीतर त्या शुक्रवारचं मी अजून विसरलेलो नाही."

मॅनेजर! मॅनेजर झालो तर पगार वाढेल, आणि हिला म्हणता येईल – बास झाली रात्रपाळी. नोकरीच्या बाविसाव्या वर्षी कसल्या गं तुझ्या रात्रपाळ्या! हे मला मनापासून हवंय. दुसरं काही नको.

रात्री तिला काचेचं सांगितलं नाही. नवरा शोभेचा झालाय हे कोणत्या तोंडाने सांगू! बढतीचं चाललंय, एवढंच म्हणालो. आज ती जरा टवटवीत वाटली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरीणबाई भडकल्या. "दिवसा पाच तास? मग रात्री काय उरणार?" मी म्हणालो, नोकरी आहे ती. "लोक कामावर झोपतात म्हणून काढतात, आणि तुम्ही–" पुढे त्यांना हसू आलं. मग पुन्हा गंभीर झाल्या. तुम्हाला झोपेचा आजार नाही, झोपेच्या जागेचा आहे, म्हणाल्या. यावर विचार करणार होतो, पण बसमध्ये पेंगलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काचेत झोप : शून्य!

काय झालं कळत नाही. साडेदहाला पडलो आणि मनात आलं – चोवीस तारीख. झालं! टक्क जागा. तेव्हापासून चारपर्यंत डोळे मिटून नुसता पडून. झोपेच्या मागे लागलो आणि ती पळाली, अगदी बाई म्हणाल्या तशी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

झोप : रात्री दोन तास. काचेत सोंग, साडेपाच तास.

सोंग घेणं किती कष्टाचं आहे! झोपलेल्या माणसाला गिळता येत नाही. म्हणजे येतं, पण गिळलेलं दिसता कामा नये. नाक खाजलं तर ते नाक आपलं नाही असं समजायचं. मालक काचेबाहेर जाऊन बघून आले. म्हणाले, "दम नाही. पहिल्या दिवशीच्या झोपेत दम होता. तोंड उघडं टाका." तोंड उघडं टाकलं. माशी आली. कशीबशी सहन केली.

गल्ल्यावरची पोरगी मला कागदावर शेरे लिहून देते. आजचे – 'पापण्या हलतात. श्वास फार शहाण्यासारखा. एक आजोबा म्हणाले, बाहुला आहे.'

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रात्री उठून स्वयंपाकघरात बसलो. कंटाळवाणं काहीतरी म्हणून कुकरचं माहितीपत्रक वाचलं. अतिशय वाचनीय निघालं! शिट्टीच्या खाली एक सुरक्षेची झडप असते, हे बावीस वर्षं मला माहीत नव्हतं. झोप पार उडाली.

परत पलंगावर आलो तर हिच्या उशीवर एक खोलगट जागा होती. हात ठेवून बघितला, गार होती. आठ महिन्यांपूर्वी इथे ती असायची आणि मी 'पाठीला आधार' सुरू केलं की कुशीवर वळून म्हणायची – "घेतली हो गादी, झोपा आता." मी झोपायचो. खरंच, मी त्यावरच झोपायचो! आणि डॉक्टरांना म्हणालो, काही झालं नाही.

तिची फार आठवण येते. एकाच घरात राहणाऱ्या माणसाची अशी आठवण येणं बरं दिसत नाही, पण येते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काचेत सोंग. शेरा – 'बरं. पण घोरणं खोटं.'

सात नंबरचा खप उतरलाय.

रात्री हिचे डोळे खोल गेलेले दिसले. "नीट झोपतेस ना?" "झोपते की. तुम्ही?" "मी काय, घोरतो." दोघंही हसलो. तिच्या बसची वेळ झाली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नवीनच भानगड. पोरगी सांगते, रोज पावणेअकराच्या सुमारास एक बाई येते. गर्दीत शिरत नाही. विजेच्या खांबापाशी वीसेक मिनिटं उभी राहते, एकटक बघते आणि जाते. आत येत नाही, भाव विचारत नाही.

मालकांचं ठरलं – "समोरच्या गादीवाल्याची हेर! आपण खोटे आहोत हे तिने चव्हाट्यावर आणलं की शाखा गेली." मला हुकूम झाला, सोमवारी डोळ्याची फट ठेवा आणि बाई बघून घ्या. मालक, मी म्हणालो, आधी डोळे मिटत नाहीत म्हणून ओरडा, आता उघडा म्हणून! "झोपलेल्या माणसाने उलट बोलू नये," म्हणाले.

ती हेर बोलली तर मॅनेजरकी बुडाली, नोकरी बुडाली आणि हिची रात्रपाळी जन्माची.

२४ फेब्रुवारी, सोमवार

झोप : शेवटी लिहितो.

कंपनीचे तिघे साडेदहाला आले. सरबराई झाली. मी काचेत. पावणेअकराला पोरीने ठरल्याप्रमाणे दोनदा खोकून खूण केली. डावा डोळा बारीक किलकिला केला.

खांबापाशी निळी पिशवी होती. चेन तुटलेली, सेफ्टी पिन लावलेली. ती पिन मीच लावलेली.

माझी बायको! स्वेटरखाली पांढरी साडी, केस विस्कटलेले, बारा तास पायांवर उभं राहून आलेली. आणि अजून उभीच. बाकीचे लोक गंमत बघतात तसं बघत नव्हती. वॉर्डात शेवटच्या फेरीला पेशंटकडे बघावं तसं बघत होती.

डोळा मिटला. मनात आलं, ही आहे इथे. बस, एवढंच आलं. पुढचं काही आठवत नाही.

पोरीने हलवलं तेव्हा सव्वातीन वाजले होते! उशी ओली. कंपनीचे लोक कधीच गेलेले. मालक नाचायचे बाकी होते – "काय घोरलात! त्यातला एकजण तर सात नंबरवर तुमच्या शेजारीच आडवा होत होता, दोघांनी धरला त्याला!" शाखा मिळाली. मग एकदम आठवून म्हणाले, "आणि ती हेर?"

म्हणालो, हेर नाही. माझ्या ओळखीची आहे.

रात्री अर्ध्या तासात मी काही विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. "कसा गेला दिवस?" "बरा गेला. तुझा?" "बरा." वेणी घालताना ती काहीतरी गुणगुणत होती. मॅनेजर झाल्याचंसुद्धा सांगायचं राहून गेलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नऊला आलो. दारात ती नव्हती. लवकर गेली असेल, म्हणून फ्रिजकडे गेलो. चिठ्ठी होती, नेहमीपेक्षा मोठी. तशीच उतरवतो –

'पहिल्या दिवशी बसमधून गर्दी दिसली आणि काचेत तुम्ही आडवे. उडी मारून उतरले. मग श्वास मोजले, छान चालले होते. त्या दिवशी घरी येऊन मी पाचपर्यंत झोपले, आठ महिन्यांत पहिल्यांदा. म्हणून रोज बघायला येत होते. बावीस वर्षं वॉर्डात फिरतेय, झोपेचं सोंग घेतलेला माणूस मला दारातून कळतो. तेरा तारखेपासून तुम्ही जागे होतात, म्हणून मीही जागी. काल दोघंही झोपलो. हे असं काचेतून किती दिवस चालायचं? मेट्रनबाईंकडे दिवसपाळीचा अर्ज दिला होता, आज मंजूर झाला. तुम्ही मॅनेजर व्हा नाहीतर नका होऊ.'

दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचत होतो, तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला – "घेतली हो गादी. दिवा बंद करा आता."

करतो.