जहाजावरची छोटी होडी

रविवार, संध्याकाळ. सांगली.

मी बनवतोय त्या जहाजाच्या लाकडी प्रतिकृतीवरची बोटाएवढी होडी सकाळपासून सापडत नव्हती. नकाशाबरहुकूम आठ दिवस घासलेली. शेवटी बायकोच्या उशीखाली मिळाली. मंगलला हल्ली काही आठवत नाही, हे माहीत असूनही मी खेकसलो. होडी हिसकावून घेतली आणि तिथल्या तिथं डेकवर चिकटवून टाकली.

मघाशी चहा दिला तेव्हा ती हळूच म्हणाली, "आवं, पुराचं पाणी आलं की तुमी जहाजानं जाल. मला कोण न्हेणार?"

मागं सांगलीत मोठा पूर आला तेव्हा मी पलटणीत होतो. ती दोन दिवस गच्चीवर, एकटी. सगळं विसरली, मग एवढंच कसं राहिलं?

होडी तिला परत द्यायला उठलो. गोंद वाळलाय. मोडल्याशिवाय निघत नाही.