विस्तवाचा घास

आई, आज दुपारी आमच्याकडे वीज गेली आणि इमारतीचा जनरेटर आपोआप सुरू झाला. कुणी उठलं नाही, कुणी दोरी ओढली नाही. पंखा एकदा थबकला आणि पुन्हा फिरू लागला. मी कुकरपाशी उभी होते आणि उगाचच कान देऊन ऐकत राहिले. वाटलं, आता महाडच्या आपल्या खाणावळीत कुणीतरी पाटावरून उठेल, उष्टा उजवा हात अंगापासून लांब धरेल आणि डाव्या हाताने जनरेटरच्या दोरीला हिसका देईल. मागून तुझा आवाज येईल, "जोरात ओढा, शेणात रुतलेली वासरी नाय ती!"

जनरेटर आला तो शेगडीसाठी, आणि शेगडी घरात आली ती तुझ्या खोकल्यामुळे. बाबा गेल्यानंतर तू खाणावळ काढलीस आणि लाकडाच्या चुलीवर ती वर्षानुवर्षं चालवलीस. एमआयडीसीतले कामगार, बदलीवर आलेले मास्तर, एसटीचे कंडक्टर, सगळ्यांना तुझीच भाकरी हवी असायची. शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "मावशी, धूर सोडा, नाहीतर खाणावळ सोडा. छाती दोन्ही सहन करणार नाही." दवाखान्याची पायरी उतरताना तू मला म्हणालीस, "त्याला काय जातंय बोलायला? खाणावळ सोडून मी काय करू, भिंतीकडं बघत बसू?" गॅस तुला नको होता. त्यावरची भाकरी फुगते पण शिजत नाही, असं तुझं ठाम मत. मी तेव्हा नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून कायम झाले होते. पनवेलच्या एका कारखानदाराकडे भुशाच्या गोळ्यांवर चालणारी शेगडी पाहिली आणि तुझ्यासाठी घेतली. ती रेल्वेने वीर स्टेशनला उतरली आणि तिथून रिक्षाच्या मागच्या सीटवर, गोणपाटात गुंडाळून, आपल्या दारात आली. रिक्षावाला म्हणाला, "नवरी आणलीय मावशी, माप ओलांडून घ्या."

तू खरंच तिला हळदकुंकू लावलंस. मग बराच वेळ तिच्याभोवती फिरून पाहिलंस. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, खडूच्या तुकड्यांसारख्या गोळ्या वरच्या डब्यात ओतायच्या. आतला स्क्रू फिरत फिरत त्या थोड्या थोड्या विस्तवावर ढकलणार, पंखा वारा घालणार, आणि धूर नळकांड्यातून बाहेर. जेवणाऱ्यांना त्या गोळ्या कोंबड्यांच्या खाद्यासारख्या वाटायच्या. "मावशी, शेगडी अंडी कधी देणार?" एवढी एकच चेष्टा त्यांना महिनाभर पुरली.

पण स्क्रू आणि पंखा दोन्ही विजेवर, आणि त्या काळात महाडची वीज नेमकी जेवणाच्या वेळी जायची. पंखा थांबला की अर्धवट जळालेल्या गोळ्यांचा धूर उलटा स्वयंपाकघरात यायचा, लाकडापेक्षाही दाट. म्हणून मी उचलून नेता येईल असा छोटा जनरेटर आणला. पाऊस होता, तेव्हा तो पडवीत ठेवला. माझ्या डोक्यात फक्त तो भिजू नये एवढंच होतं. पहिल्याच दिवशी भाकऱ्या थापता थापता तू भिंतीला टेकलीस. "डोकं गरगरतंय गो," म्हणालीस. मी धावत जाऊन जनरेटर बंद केला, दारं उघडली, तुला अंगणात बसवलं. रंग परत आल्यावर तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "लाकडाचा धूर निदान दिसतो तरी. ह्याचा तर दिसत पण नाय. शिकलेली ना तू?" संध्याकाळच्या आत मी जनरेटर घरामागच्या परड्याच्या टोकाला नेला, खिडक्यांपासून लांब, वर पत्रा, बाजू उघड्या. तिथून जाड वायर ओढून घेतली. तेव्हापासून वीज गेली की दारापाशी बसलेला जेवणारा उठून दोरी ओढायला जायचा. ती त्या जागेची जबाबदारीच ठरून गेली.

त्या जनरेटरवर शेगडी आणि एक ट्यूब, एवढंच चालायचं. घामाने डबडबलेले कंडक्टर म्हणायचे, "वा मावशी! चुलीला पंखा आणि आम्हाला वाळीत?" तू तव्यावरून नजर न उचलता सांगायचीस, "तिला वारा नाय मिळाला तर मला धूर मिळतो. तुम्ही जरा कमी मिरची खा, घाम नाय येणार." आणि खरंच, आई, तुझा खोकला कमी झाला. त्या वर्षी तू माहेरच्या जत्रेला गेलीस. पोलादपूरच्या पुढे एसटीतून उतरून वाडीवर जायची ती चढण तू कुठेही न टेकता चढलीस. मी मागून येत होते आणि तुझा श्वास ऐकत होते. तुला ते कळलं असणार, कारण वर पोचल्यावर तू वळून म्हणालीस, "काय ऐकतेस? जिवंत हाय."

पुढच्या पावसाळ्यात शेगडी अडायला लागली. चांगली पेटलेली असायची, आणि ऐन वाढायच्या वेळी स्क्रू घरघर करून थांबायचा. अडायची तेव्हा बहुतेक जनरेटर चालू असायचा, म्हणून मी सगळा दोष त्याच्यावर टाकला. मेकॅनिकने कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला. दोन दिवस बरे गेले, पुन्हा तेच. आणि मग एका दुपारी मी शाळेतून आले तर जुनी चूल पेटलेली, ओली लाकडं धुमसतायत, तू फुंकणी तोंडाशी धरून खोकतेयस. मला राग आवरला नाही. "तुला बरं व्हायचंच नाही का?" मी ओरडले. जेवणारे खाली मान घालून आमटी ओरपत राहिले. तू फुंकणी बाजूला ठेवलीस आणि एवढंच म्हणालीस, "ती शेगडी आपल्या घरची नाय होणार. परत देऊन टाक." तुझा हट्ट मला ठाऊक होता. ती एकदा घराबाहेर गेली असती, तर तू पुन्हा धुराकडे गेली असतीस, कायमची.

पनवेलच्या शेगडीवाल्याला मी शेवटचं म्हणून बोलावलं. तो वीरहून रिक्षाने आला, डबा उतरवला, स्क्रू बाहेर काढला आणि बोटाने काहीतरी खरवडून वास घेऊ लागला.

"ताई, यात भात आहे."

"भात?"

"शिजलेला. तूप पण आहे वर." तो गोंधळून तुझ्याकडे वळला. "मावशी, उंदीर ओढून आणत असतील."

तू हो म्हणू शकली असतीस. विषय तिथेच मिटला असता.

"उंदीर नाय," तू म्हणालीस. "मी घालते."

माझ्या डोळ्यांसमोर तू चुलीपाशी बसलेली दिसलीस, माझ्या लहानपणापासूनची. भात उतरवायचा, दोन शितं तुपात बुडवून आधी विस्तवाला द्यायची, मगच पहिलं ताट. या शेगडीचं तोंड झाकलेलं. आतल्या विस्तवाला घास द्यायचा कुठून, हे ना तू विचारलंस, ना मला सुचलं. गोळ्या जिथून जातात तिथूनच तोही जेवत असणार, असं धरून तू डब्यात भात टाकत राहिलीस. वाढायच्या वेळी, रोज.

"मावशी, वरून नका टाकू," शेगडीवाला अजिजीने म्हणाला. "खाली राखेचं दार आहे ना, तिथे ठेवा."

"राखेत? पाव्हण्याला उकिरड्यावर वाढू?" तू असं काही बघितलंस त्याच्याकडे की तो बिचारा पान्हे गोळा करायला लागला. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "दिवसभर राबतो तो. त्याला उपाशी ठेवून बाकीच्यांना कसं वाढू गो?"

दुसऱ्या दिवशी वाट तूच काढलीस. राखेच्या दारातून चिमट्याने एक निखारा काढलास, कौलाच्या तुकड्यावर ठेवलास आणि त्याच्यावर तुपाची शितं सोडलीस. चर्र आवाज झाला, वास सुटला. बाहेर जनरेटर धडधडत होता. कुणीतरी म्हणालं, "मावशी, भूक लागली." "आधी तो," तू म्हणालीस, "मग तुम्ही." शेगडी नंतर अडली नाही. पडवीत रचलेली लाकडं तू शिमग्याला आळीतल्या होळीला देऊन टाकलीस. पोरं मोळ्या उचलून नेत होती आणि तू दारात उभी राहून त्यांना "खालची पण न्या, तळाची पण" म्हणून सांगत होतीस.

तू गेलीस ती छातीच्या दुखण्याने नाही. हे मी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

आता माझ्या स्वयंपाकघरात नळाने गॅस येतो. विस्तवातला तुझा तो 'तो' मला कधी दिसला नाही, आणि खरं सांगायचं तर असेल असंही वाटत नाही. पण गेल्या महिन्यात बर्नर नीट पेटेना म्हणून माणूस बोलावला. त्याने भोकांत तार घातली, काळं, तुपकट काहीतरी काढलं आणि विचारलं, "मॅडम, यात भात कसा जातो हो?" मी म्हटलं, उतू जात असेल.