बाजारातला मॅनिफोल्ड

बारामती. गुरुवार, मार्गशीर्ष, १९९४.

जुन्या ट्रकच्या इंजिनात हवा नेणारा मॅनिफोल्ड तडकलाय, म्हणून आज गॅरेजात गेलो. रशीदभाई मिस्त्रींनी बाजारात मिळणारे दोन काढून ठेवले होते. एकाचं ओतकाम मला खरबरीत वाटलं, दुसऱ्याचं तोंड लहान. पुन्हा पुन्हा दोन्ही हातात घेऊन बघत बसलो.

"आबा, सोयरीक जुळवताय का? दोनी बी चांगलं हायत," रशीदभाई म्हणाले. "ओरिजनलच पायजे तर तुमच्या धाकट्या भावाकडं, दत्तूकडं जावा की. त्याचा असलाच ट्रक मोडीत पडलाय कोऱ्हाळ्यात."

सकाळपासून तेच तर मनात होतं. वाटणी झाल्यापासून दत्तूच्या दारात गेलेलो नाही. समेट करायला म्हणून पाय उचलत नाही, पण पार्ट मागायला गेलो असतो. त्यानं पाना धरला असता, मी बॅटरीचा उजेड. दोघं पुन्हा एका इंजिनावर वाकलो असतो...

दोन्हींत नाकारण्याजोगी खोट सापडेना. शेवटी दुसरा घेतला. उद्या बसवणार.

आत्ता देवापुढे निरांजन लावलं. हात जोडल्यावर मागणं आलं ते एवढंच, की उद्या हा मॅनिफोल्ड बसू नये.