सोबतीला अक्का

४ फेब्रु.
धरणगावहून जळगाव, एस.टी.ने. समुपदेशक मॅडमकडे तिसरी खेप. सोबतीला अर्थातच सासूबाई, आमच्या अक्का. दवाखान्यात बाईमाणसाने एकटं जायचं नाही, ही आमच्याकडची पद्धत. मॅडम विचारतात मला, उत्तर देतात अक्का. "तिले झोप लागत नही. काळी-पिवळी दिसनी का थरथर कापस." मी आपली खिडकीबाहेर बघत बसते.

११ फेब्रु.
पुन्हा तेच. आम्ही दोघी बसलो होतो ती काळी-पिवळी जीप उलटल्याची सगळी हकीगत अक्कांनी सांगितली, माझ्या हरवलेल्या चपलेसकट. एकच गोष्ट राहिली. मी आधी बाहेर पडले. आतून अक्कांनी हाक मारली. ती मी ऐकली आणि शेतातून पळत सुटले. त्यांना लोकांनी काढलं. हे त्यांच्यासमोर कसं बोलू? मॅडमना वाटत असणार, ही बाई तोंडच उघडत नाही. बंद करावं हे सगळं.

१२ फेब्रु.
ह्यांना म्हटलं, पुढच्या वेळी मी एकटी जाते. "अक्काले वाईट वाटी ना." संपला विषय.

१८ फेब्रु.
मॅडम हुशार. "अक्का, तुम्ही बाहेर चहा घ्या. आज मी हिच्याशी एकटीशी बोलते." अक्कांचं तोंड एवढंसं झालं, पण गेल्या. मी खुर्ची पुढे ओढली. मग पुस्तकी मराठीत सुरुवात केली, जमेना. शेवटी घरचीच बोली आली. "मी पयी गऊ, मॅडम." पळून गेले, हे एकदाचं तोंडातून निघालं. खूप रडले.
मॅडम रागावल्या नाहीत, 'विसरून जा' असंही म्हणाल्या नाहीत. एवढ्या भीतीत शरीर आधी पळतं, म्हणाल्या. यावर अजून बरंच बोलायचंय.
हलकं वाटतंय. किती दिवसांनी! स्टँडजवळ भरीत-भाकरी पोटभर खाल्ली. अक्का बघत होत्या. "काय बोलनी तू?" म्हटलं, सांगेन. त्यांनी परत विचारलं नाही.

२५ फेब्रु.
चार रात्री नीट झोपले. आज मॅडमच्या दाराशी मी पुढे झाले, तर अक्कांनी मलाच थांबवलं. "माले बी जानं शे. एकलीले."
उलटलेल्या गाडीत त्याही होत्या. त्यांनाही बोलायचं असेल, हे घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्याही.
अर्धा तास झाला. बाहेर बाकावर बसून लिहितेय. आतून आवाज येत नाही. कदाचित माझंच सांगत असतील. सांगू देत. नवल म्हणजे भीती वाटत नाहीये. बाहेर आल्या की मीही सांगणार, ती हाक मला ऐकू आली होती. आधी त्यांना चहा पाजते.