उजव्या हाताचा ठराव

वरळी, रविवार

आदरणीय चंपाताई,

सविनय जयभीम. (‘तीर्थरूप’ लिहीत नाही. तीर्थांविषयीची माझी मतं तुला लहानपणापासून ऐकावी लागली आहेत. आदर मात्र तेवढाच आहे, किंबहुना जास्तच, कारण तो पुराव्यावर उभा आहे.) तुझी प्रकृती बरी असेल, दाजींचा खोकला उतरला असेल, मंडणगडात सगळे खुशाल असतील अशी आशा करतो. इकडे आम्हीही बरे आहोत, माझा उजवा हात सोडून. खांदा धरल्यापासून तो छातीपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो, निवडणुकीनंतरच्या आश्वासनासारखा.

तू एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवलेलं करंजाचं तेल पोचलं. त्याबद्दल मनापासून आभार आणि तत्त्वतः निषेध. तेल चोळलं की बरं वाटतं, हे मी मान्य करतो. पण बरं वाटणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या देशाचं अर्धं नुकसान त्यांच्यात गल्लत केल्याने झालं आहे. (यावर मी नायगावला दीड तास बोललो होतो. लोकांना बरं वाटलं.)

आता मूळ गोष्ट. चाळ गेली आणि आम्ही टॉवरमध्ये आलो, हे तुला ठाऊक आहे. चाळीत पोरं गॅलरीत पाट टाकून अभ्यास करायची. इथे कॉरिडॉरमधला दिवा माणूस हलताना दिसला तरच पेटतो. म्हणजे परीक्षेचा अभ्यास करायचा तर प्रत्येक उत्तरानंतर उठून नाचलं पाहिजे. तेव्हा तळमजल्यावरच्या हॉलमध्ये अभ्यासिका व्हावी, असा ठराव मी सोसायटीच्या सभेत मांडला. समोर वैभव. (आपल्या जुन्या शेजाऱ्यांचा नातू. दंड माझ्या मांडीएवढे, मन स्वच्छ, वाचन शून्य.) त्याला तिथे व्यायामशाळा हवी. मी बोललो, ताई, असा बोललो की विरोधकही टाळ्या वाजवत होते. मग आमचा सेक्रेटरी प्रफुल्ल म्हणाला, ठरावाच्या बाजूने असलेल्यांनी हात वर करा. माझ्या डाव्या हातात माईक होता. उजवा मी त्वेषाने उचलला, तो सदऱ्याच्या दुसऱ्या बटणापाशी अडकला. प्रफुल्लने मला मोजलंच नाही, आणि अभ्यासिका एका मताने पडली.

माईक खाली ठेवून डावा हात वर करायचा, असं नंतर प्रत्येकाने सुचवलं. पण माईक खाली ठेवणं मला आयुष्यात कधी सुचलेलं नाही. वैभव जाताजाता म्हणाला, “काका, भाषण एक नंबर! पण तुमचा हातच तुमच्याशी सहमत नाही.”

मी हरकत घेतली आणि प्रफुल्लने फेरमतदान मान्य केलं. तेव्हा मतदानाआधी हात कानापर्यंत नेणं हे सामाजिक कर्तव्य झालं. लगेच सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या तात्यांनी भोईवाड्यातला एक हाडं बसवणारा सुचवला. म्हणे, एका झटक्यात सुटतो, मी डोळ्यांनी बघितलंय. मी विचारलं, ज्यांचा सुटला नाही ते तुम्हाला दाखवायला परत आले होते का? तात्या म्हणाले, “तुझा खांदा नाय, जीभ धरायला हवी होती.” मी मात्र ठाम राहिलो. पुरावा असेल तोच उपचार, नाहीतर हात असाच लोंबकळत राहू दे.

पुराव्यासाठी लांब जावं लागलं नाही. आपली प्रिती आता फिजिओथेरपिस्ट आहे. (हे तुला माहीत आहे, पण बापाला लिहायला आवडतं.) तिने शांतपणे सांगितलं की खांद्याच्या सांध्याभोवतीची पिशवी आखडते, सुटायला महिने जातात, कधी वर्ष-दोन वर्षंही. दुखणं फार असेल तर सुरुवातीला इंजेक्शनने आराम पडतो, आणि बाकी रोज, न कंटाळता, हळूहळू व्यायाम. मी म्हटलं, पुरावा दाखव. तिने मोठ्या चाचण्यांचे निबंध दिले. मी ते सगळे वाचले, अधोरेखित केले, दोन ठिकाणी समासात शंका काढल्या, तुझ्या भावजयीला जेवताना त्यावर व्याख्यान दिलं. आठवड्याने प्रितीने हात उचलून बघितला. तसूभरही फरक नाही.

“पप्पा, व्यायाम केलात?”

“सगळे निबंध वाचले.”

“वाचून खांदा सुटत नाही हो, पप्पा!”

हे वाक्य तिने खिडकी उघडी ठेवून उच्चारलं आणि ते वैभवपर्यंत पोचलं.

मग तिने दोरी आणि कप्पी आणली. बरा हात दोरी ओढतो, दुखरा वर जातो, अगदी विहिरीसारखं. ती दाराला अडकवली तर दार लागेना. तुझी भावजय चाळीत जन्मभर दार उघडं टाकून राहिली, पण आता म्हणाली, “इतक्या वर्षांनी बंद करायला दार मिळालंय, ते मी बंदच करणार.” भिंतीत भोक पाडावं, तर भिंतींना भोकं पाडायची नाहीत हा ठराव गेल्या सभेत माझाच. शेवटी कप्पी तळमजल्यावरच्या हॉलमधल्या लोखंडी दांड्याला लटकवली.

तिथे घात झाला. मी विहिरीतून पाणी काढावं तसा सकाळ-संध्याकाळ दोरी ओढतोय, हे बघून एकेक जण येऊ लागला. आधी तात्या आले (“बघू तरी”), मग गिरणीत खांदे झिजवलेली सगळी पिढी रांगेत उभी राहिली. वैभव त्यांना पाठ ताठ ठेवायला शिकवतो, आणि मला कबूल केलं पाहिजे, छान शिकवतो. माझा हात आता खांद्याच्या वर जायला लागला आहे.

अडचण तुझ्या लक्षात आली असेल. हात वर गेला नाही तर अभ्यासिका पडणार. हात वर गेला, तर हॉलमधली कप्पी, म्हणजे वैभवची व्यायामशाळाच, कामाची आहे याचा मी सभेपुढे उभा असलेला जिवंत पुरावा ठरणार. आणि पुराव्यापुढे मान झुकवा, असं मी चाळीस वर्षं गल्लोगल्ली ओरडत आलो आहे. मान झुकते, ताई. ती सुदैवाने धरलेली नाही. पण पोरं अजून दिव्यासाठी नाचतायत.

दाजींना जयभीम. लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
कोंडीराम

ता. क. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात प्रफुल्ल आला. म्हणाला, “काका, उगाच त्रास घेऊ नका. हात आभाळाला लागला तरी मोजायचा नाही. आपल्या सोसायटीत मत पहिल्या नावाचं, आणि पहिलं नाव चंपाआत्याचं आहे.” खरं आहे. आई गेल्यावर घर दोघांच्या नावावर करताना, बहिणीचं नाव आधी लागलं पाहिजे म्हणून मीच कचेरीत टेबलावर मूठ आपटली होती. ते तत्त्व आजही बरोबर आहे, फक्त गैरसोयीचं आहे. तेव्हा या महिन्याच्या शेवटच्या रविवारी फेरमतदानाला तू यायचंस. हॉल सकाळी कप्पीला आणि संध्याकाळी पुस्तकांना, अशी दुरुस्ती मी सुचवतो आहे. वैभव तयार आहे, त्याच्या बाजूची बाकीची पोरं नाहीत. एका हाताची गरज आहे, आणि तो तुझा.

ता. क. दुसरा. तुला साखरेचा त्रास आहे, आणि साखरवाल्यांचा खांदा जास्त धरतो, असं प्रिती आत्ता सांगते आहे. हे वाचता वाचताच उजवा हात वर करून बघ. कानाला लागला तर एसटीचं तिकीट काढ. नाही लागला तरी काढ. डावा चालतो.