आतल्या बाजूचे बटण

मी, पत्त्यांचा जादूगार, गल्लीत ‘हातचलाख’ या नावाने ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. बायको पाठीशी उभी राहून वाचते आहे, पण ती नेहमीच वाचते. माझ्या शुद्धीबद्दल मागाहून शंका नको म्हणून डॉक्टरांनी मला तपासले आहे. त्यांचे घड्याळ मी परत केले आहे.

यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी पाहुण्यांसमोर फाडून पुन्हा जोडून दाखवले होते, त्यामुळे ते कुठेतरी अखंड सापडण्याची शक्यता आहे.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक बायकोला. लग्नानंतर तिला पहिला प्रयोग दाखवला तेव्हा ती म्हणाली, “पत्ता गेला कधी तेच कळलं नाही, मग मी टाळी कधी वाजवायची?” माझ्या कलेचे याहून चांगले परीक्षण आजवर कोणी केलेले नाही.

२. धाकट्या भावाला त्याचे धुराचे यंत्र परत. त्याची जादू म्हणजे धूर, ढोल आणि करवतीने कापलेली बाई. “दादा, तुझी जादू बघायला भिंग लागतं,” असे तो चारचौघांत म्हणाला होता. मी ते मनाला लावून घेतलेले नाही, फक्त लक्षात ठेवले आहे. माझे शिसवी टेबल त्याने कापून जोडून दाखवण्यासाठी नेले. कापले. जोडणे अजून बाकी आहे. मला शेवटचा निरोप द्यायला त्याने जरूर यावे, पण करवत आणू नये आणि “आता बघा!” असे ओरडू नये. लोक उगाच वाट बघत बसतील.

३. माझी पेटी, म्हणजे पत्ते, नाणी आणि सरावाचा आरसा, मुलीला. मात्र एका अटीवर.

मुलगी काकावर गेली. आग, कबुतरे, झगमगता कोट. “बाबा, जी दिसतच नाही ती जादू कसली?” हे तिचे म्हणणे. ती पहिलीत असताना तिच्या गणवेशाचे पांढरे बटण मी गायब केले होते. तिने रडून घर डोक्यावर घेतले. मी म्हणालो, “परत येईल, तू बघत राहा.” शाळेत तिला बाईंचा ओरडा बसला, पण अशा कामात घाई करून चालत नाही.

पुढे तिने स्टेजसाठी कोट शिवायला टाकला, तेव्हा ते बटण मी गुपचूप शिंप्याला दिले. त्याने ते कोटाच्या आत, छातीपाशी, जास्तीचे बटण शिवतात तसे शिवले. अगदी उघड्यावर आहे. तिच्या प्रत्येक प्रयोगाला मी पहिल्या रांगेत धुरात खोकत बसतो, ते तिचे लक्ष तिथे कधी जाते एवढेच बघायला. दुसरे काही कारण नाही.

अट अशी: बटण तिने स्वतः ओळखावे. माझ्या हयातीत ओळखले नाही, तर पेटी भावाला जावी. हे लिहिताना मला फार वाईट वाटते आहे. पेटी तिलाच मिळावी अशी माझी इच्छा आहे. पण ज्याला बघता येत नाही त्याच्या हाती ती देववत नाही.

ठिकाण: राहते घर. दिनांक: ९ मार्च.

सही: हातचलाख

साक्षीदार पहिले: डॉक्टर. (प्रकृती ठणठणीत. माझे पेन सापडत नसल्याने शिंप्याच्या पेनने सही केली आहे.)

साक्षीदार दुसरे: शिंपी. (सही करतो, पण कागदात खोटे राहू नये म्हणून लिहितो. मुलगी गेल्या वर्षी कोट घेऊन आली होती. म्हणाली, “काका, बाहेरची सगळी बटणं बदला, आतलं पांढरं तेवढं राहू द्या. ते माझ्या शाळेचं आहे, पहिल्या दिवशीच ओळखलं मी. पण बाबांना सांगू नका हं. सापडलं म्हटलं, की ते माझे प्रयोग बघायला यायचे थांबतील.”)

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच टेबलाशी: वरील शेरा मी दोनदा वाचला. अट रद्द. पेटी मुलीची. रविवारी तिचा प्रयोग आहे, माझे पहिल्या रांगेतले तिकीट काढून ठेवावे. तिला यातले काहीही कळू देऊ नये.

सही: हातचलाख